उलट्या पिळाचं फडकं

१

ती सापडली तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली, जिना वळतो त्या चौकोनी जागेत. उताणी पडलेली, डोळे मिटलेले, पायांत चपला, शेजारी आडवा झालेला स्टीलचा डबा. आरडाओरडा तिच्या धाकट्या जावेने केला. वॉचमन धावत वर आला, सेक्रेटरींनी गाडी बोलावली, आणि मंगळवारची दुपार होईपर्यंत इमारतीत एकच वाक्य फिरत होतं: कामवाली जिन्यावरून पडली.

हे वाक्य घरकामगार निधीच्या कचेरीत पोचलं आणि तिथे अडकून बसलं. निधी होता घरकाम करणाऱ्या बायकांसाठी. कामाच्या घरात अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च आणि बाई पुन्हा उभी राहीपर्यंत घराला आधार, असं त्याचं स्वरूप. पण नियमात शब्द होते ‘कामाच्या घरात’, आणि जिना कुणाच्याच घरात मोडत नव्हता. तिच्या नावाच्या अर्जाच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘जागेबाहेर. नामंजूर?’

ते प्रश्नचिन्ह राहणार की जाणार, हे ठरवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळ्या कामकरी बायका पडताळणीबाई म्हणत. हळू बोलणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. पूर्वी त्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायच्या. तिथली एक सवय त्यांनी बरोबर आणली होती: काचेखाली जे दिसतं ते आधी पाहायचं, त्याला नाव नंतर द्यायचं.

गुरुवारी सकाळी त्या दवाखान्यात पोचल्या. पडलेली बाई, म्हणजे थोरली जाऊ, खिडकीजवळच्या खाटेवर होती. गुंगीत होती, मधूनच डोळे उघडत होती, बोलत मात्र नव्हती. डॉक्टरांनी बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली. कण्याला मार आहे, मज्जारज्जू बहुतेक वाचलाय. पण आता तिला अशा केंद्रात हलवायला हवं जिथे माणसाला पुन्हा बसायला, उभं राहायला शिकवतात. तिथली एक खाट त्यांनी तिच्यासाठी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत धरून ठेवली होती. निधीचा होकार आला तर ती तिकडे जाईल. नाही आला तर घरी.

घरी गेली तर काय, असं पडताळणीबाईंनी विचारलं.

“घरी गेली तर ती आडवीच राहील,” डॉक्टर म्हणाले. मग कुणी न विचारता त्यांनी मनातलं बोलून टाकलं. “एक गोष्ट मला पटत नाहीये. जिन्यावरून गडगडत आलेल्या माणसाचे कोपर, गुडघे, नडग्या, सगळं सोलवटतं. हिला मार एकाच ठिकाणी आहे. सरळ पाठीवर आपटल्यासारखा.”

त्या खाटेकडे परतल्या तेव्हा नर्स सलाईनची बाटली बदलत होती. मंगळवारी पेशंटचे कपडे तिनेच उतरवले होते. कपड्यांत काही वेगळं होतं का, असं विचारल्यावर तिचा हात तसाच राहिला.

“घेर कमरेला खोचलेला होता. बाह्या कोपराच्या वर. आणि पाठ पार भिजलेली, फिनेलचा वास येत होता.” तिने बाटली अडकवली. “जावेला डबा द्यायला आली होती म्हणे. डबा द्यायला कुणी अशी येते का?”

२

खाटेच्या एका बाजूला थोरलीची मुलगी बसली होती, दुसऱ्या बाजूला धाकटी जाऊ. मुलगी कॉलेजात शिकणारी, कोरड्या डोळ्यांची. तिची नर्सशी एकाच गोष्टीवरून हुज्जत चालू होती: सलाईन आईच्या डाव्या हाताला का लावलंय, उजव्याला लावा. आई शुद्धीवर आली की पहिला डावाच हात हलवेल, जेवायलाही तिला तोच लागतो. नर्सने शेवटी बदलून दिलं.

धाकटी एका ओल्या फडक्याने खाटेजवळचं कपाट पुसत होती. ते स्वच्छच होतं. कुणी तिच्याकडे पाहिलं की ती पुन्हा पुसायला लागायची.

तिची हकीकत सरळ होती आणि तिने ती एका दमात सांगितली. मंगळवारी ती नेहमीसारखी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे कामाला गेली. जाऊबाई त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काम करते, पण त्या घरची माणसं सध्या गावाला गेली आहेत, म्हणून जाऊबाई घरीच होती. आपण डबा विसरलो, तो द्यायला ती मागाहून आली. जिन्यात धप्प आवाज झाला. बाहेर येऊन बघते तर ही अशी. आजींच्या घरात जाऊबाईने कधी पाऊल टाकलेलं नाही. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं.

पडताळणीबाईंनी आणखी काही विचारलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि समोरचं माणूस असं बसून राहिलं की धाकटीसारख्या माणसाला बोलावंच लागतं. ती जाऊबाईबद्दल बोलायला लागली. थोरली कशी तोंडाची फटकळ, पण घरात आल्या दिवसापासून आपल्याला पाठीशी घालणारी. फडकं पिळलं की नेहमी टोमणा मारणार, हे पिळलंस की पाणी पाजलंस त्याला? आणि स्वतःचं सगळं उलटं. तिच्याबरोबर चादर पिळायची म्हणजे तमाशा. दोघी दोन टोकं धरून उभ्या राहिल्या, पीळ घालायला लागल्या, की चादर आपली गोल गोल फिरायची, पण पीळ म्हणून बसायचा नाही. सासूबाई ओरडायच्या की चादर पिळताय की दोरीवरच्या उड्या मारताय. शेवटी थोरलीने मुद्दाम हात फिरवायची दिशा बदलली की पीळ बसायचा.

सांगताना ती हसली. हसता हसता तिने तोंडावर तेच ओलं फडकं दाबलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही.

पडताळणीबाई निघाल्या तेव्हा मुलगी मागोमाग व्हरांड्यात आली. तिने एकदा वळून दाराकडे पाहिलं.

“काकी वाईट नाही,” ती म्हणाली. “पण तिच्या बारक्याला सोमवारपासून ताप होता. मंगळवारी पहाटे मी स्वतः ऐकलं, ती आईला म्हणत होती की आज मला जाता येणार नाही.”

३

इमारतीच्या फाटकावर कार्डाचं यंत्र होतं. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला एक कार्ड दिलेलं. ते टेकवलं की यंत्र टिंग करायचं आणि त्या घरच्या माणसाला फोनवर निरोप जायचा की बाई आली. यंत्राने वॉचमनचं काम हलकं केलं होतं, आणि तो त्याबद्दल समाधानी होता.

यंत्रातली नोंद धाकटीच्या बाजूने होती. मंगळवारी सकाळी तिच्या कार्डाची टिंग. बऱ्याच वेळाने थोरलीच्या कार्डाची टिंग. त्यानंतर थोड्याच वेळात आरडाओरडा. हकीकत आणि यंत्र एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, आणि नेमकं हेच पडताळणीबाईंना खुपलं. प्रयोगशाळेत इतकी स्वच्छ काच दिसली की त्या नमुना बदलला तर नाही ना, हे आधी बघायच्या.

सकाळी आलेली बाई धाकटीच होती का, असं त्यांनी वॉचमनला विचारलं. त्याने खांदे उडवले. कार्ड धाकटीचं होतं. चेहरे बघायला यंत्राला डोळे नाहीत आणि आपल्याला हुकूम नाही.

डब्याबद्दल मात्र तो न विचारता बोलला. गडबडीत तो डबा त्यानेच उचलून ठेवला होता. रिकामा होता. सांडून रिकामा झालेला नव्हे, घासून पुसून लख्ख.

“जावेसाठी रिकामा डबा घेऊन आली होती, काय प्रेम बघा,” तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदाने ओशाळला.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. निवृत्त, इस्त्रीच्या शर्टातले, घाबरलेले. त्यांना एकच भीती होती, की उद्या कुणी जिन्यावर ठपका ठेवेल. जिना कोरडा होता, हे त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. जिना शनिवारी धुतात, मंगळवारी तिथे थेंबभर पाणी नव्हतं, पाहिजे तर वॉचमनला विचारा. वॉचमनने मान हलवली. सेक्रेटरींना वाटलं आपण इमारतीला सोडवलं. पडताळणीबाईंच्या मनात वेगळंच चाललं होतं: कोरड्या जिन्यावर पडलेल्या बाईची पाठ ओली कशी?

फाटकाशेजारी भिंतीवर एक पाटी होती, सेक्रेटरींनीच लावलेली. ‘आपले कार्ड दुसऱ्यास वापरण्यास दिल्यास दोघींनाही इमारतीत कायमची बंदी.’ अक्षरं लाल होती. पाटीच्या खाली निधीचं पत्रक चिकटवलेलं होतं, इतकं खाली की ते वाचायला उकिडवं बसावं लागलं असतं, आणि त्याच्यापुढे कुणीतरी झाडाची कुंडी आणून ठेवली होती.

पडताळणीबाईंनी वर आजींना फोन लावायला सांगितलं. वॉचमनने फाटकावरच्या फोनचं बटण दाबलं आणि निधीतून एक बाई आल्यात एवढंच सांगितलं. पलीकडचा आवाज म्हातारा होता आणि थरथरत होता.

“मला भेटायचं नाही. माझ्या घरात काहीसुद्धा झालेलं नाही.”

आजींच्या घरात काही झालं, असं तोवर एकानेही म्हटलेलं नव्हतं.

४

पडताळणीबाईंनी तरीही वर जाऊन बेल वाजवल्यावर आजींनी दार उघडलं, पण साखळी काढायला बराच वेळ घेतला. त्या चारपायी आधारकाठी धरून चालत होत्या. एक पाऊल टाकायचं, दम घ्यायचा, काठी पुढे सरकवायची. कुणाला उचलणं सोडाच, स्वतःचा पेला उचलताना त्यांचा हात कापत होता.

स्वयंपाकघरात मंगळवारनंतर कुणाचा हात फिरला नव्हता. मोरीत भांडी साचली होती. आजी त्याबद्दल वारंवार माफी मागत होत्या, जणू पडताळणी भांड्यांचीच होती. त्यांनी धाकटीचीच हकीकत सांगितली, धाकटीच्याच शब्दांत, फक्त हळू. लेक परदेशात असते, बाईचा पगार तीच देते. तिला फोनवर सगळं कळतं, बाई कधी आली, कधी गेली. एक खाडा झाला तरी तिचा फोन येतो, पैसे कापते. वाईट नाही ती, लांब आहे म्हणून काळजी करते. तिनेच मंगळवारी रात्री बजावलंय, आई, तू यात पडू नकोस, आपण त्या बाईची निधीत नोंद केलेली नाही, दंड होईल. इथवर आल्यावर आजींनी जीभ चावली.

पडताळणीबाईंनी खिडकीजवळ जरा उभं राहू का, असं विचारलं. खिडकी ओट्याच्या वर, उंच होती. तिच्या काचेचा वरचा अर्धा भाग स्वच्छ होता आणि खालच्या भागावर वाफेचा आणि तेलाचा जुना थर. पुसणारी वरून सुरुवात करून मध्येच थांबली होती. वरच्या भागाला हात पुरायला कशावर तरी चढावं लागलं असणार. स्टूल स्वयंपाकघरालगतच्या गच्चीत होतं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. त्याचा एक पाय हलत होता.

गच्चीत बादली होती. बादलीच्या काठावर जमीन पुसायचं जाड फडकं, पिळलेल्या अवस्थेतच सुकून कडक झालेलं. कामाला हात असलेली बाई फडकं पिळते, मग झटकते, मग वाळत घालते. हे झटकायचं राहिलं होतं. ज्याने कुणी ठेवलं तो घाईत होता.

पडताळणीबाईंनी ते उचललं, पाहिलं, परत ठेवलं. मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि खिडकी उघडून बाहेर वाकल्या. बाहेरच्या अरुंद कठड्यावर, आतून दिसणार नाही अशा जागी, दुसरं फडकं पडलं होतं. तेही पिळलेलं, तेही न झटकलेलं, उन्हात वाळून लाकडासारखं झालेलं. काच पुसणाऱ्या बाईने हाताशी असावं म्हणून तिथे ठेवलेलं.

त्यांनी दोन्ही फडकी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. पहिल्याचा पीळ सैल, दुसऱ्याचा घट्ट. पण त्या पाहत होत्या ते वेगळंच. पहिल्यावरच्या तिरप्या रेषा एका बाजूला झुकत होत्या, दुसऱ्यावरच्या बरोबर उलट बाजूला. त्यांनी दुसरं फडकं फिरवून, खालचं टोक वर करून ठेवलं. रेषा तशाच राहिल्या. त्या तशाच राहणार हे त्यांना माहीत होतं. स्क्रू कुठल्याही टोकाने धरा, त्याचे आटे दिशा बदलत नाहीत.

त्यांना ती गोल गोल फिरणारी चादर आठवली. समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघी सारख्याच हाताच्या असतील, तर दोन टोकं आपोआप विरुद्ध फिरतात आणि चादरीला पीळ बसतो. एक उलट्या हाताची असेल तर दोन्ही टोकं एकाच दिशेला फिरतात आणि चादर नुसती गरगरते.

जिने या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिच्या हाताचा पीळ त्यांच्या पुढ्यात ओट्यावर पडला होता.

आजी दारात काठी धरून उभ्या होत्या. त्यांनी फडक्यांकडे पाहिलं, पडताळणीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना पिळाबिळातलं काही कळलं नव्हतं. पण त्यांची नजर जमिनीवर एका जागी, ओट्यापासून दोन हातांवर, खिळली आणि ती तिथून हलेना.

५

शुक्रवारी सकाळी व्हरांड्यातल्या बाकावर पडताळणीबाईंनी धाकटीला शेजारी बसवलं. रात्रभर त्यांना झोप लागली नव्हती. उत्तर हाती होतं, पण फडकी काही कागदावर सही करणार नव्हती. घडलेलं कुणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं, आणि ज्या दोघींना ते माहीत होतं त्या दोघींची घाबरगुंडी उडालेली होती. संध्याकाळी खाट दुसऱ्या कुणाला दिली जाणार होती.

धाकटीच्या हातात आजही ओलं फडकं होतं. बोलता बोलता तिने ते सवयीने पिळलं. पडताळणीबाईंनी पिशवीतून दोन वाळलेली फडकी काढून मधे ठेवली. धाकटीच्या हातातला पीळ आणि त्यातल्या सैल फडक्याचा पीळ एकाच बाजूला झुकत होता.

त्यांनी आवाज चढवला नाही. एक एक गोष्ट नमुन्याची चिठ्ठी वाचावी तशी सांगितली. मार एकाच ठिकाणी, म्हणजे उंचावरून सरळ पाठीवर. पाठ फिनेलने ओली आणि जिना कोरडा, म्हणजे जिथे पडली तिथे बादली लवंडली होती. घेर खोचलेला, म्हणजे ती काम करत होती. डबा घासलेला, म्हणजे ती तिथेच जेवली होती. आणि दोन पीळ, म्हणजे दोन बायका. सकाळी तुमचं कार्ड घेऊन ती आली, कारण तुमच्या कार्डाची टिंग झाली नाही तर खाडा पडला असता. तिचं कार्ड तुमच्या घरी राहिलं. दोन कार्डं घेऊन कोण फिरणार? नंतर तुम्ही तिचं कार्ड टेकवून आत आलात.

धाकटीने मान वर केली नाही.

“आजींचा फोन आला,” ती म्हणाली. “बारक्याला शेजारणीच्या मांडीवर टाकला नि तशीच पळाले. जाऊबाई ओट्याजवळ पडलेली, सगळीकडे पाणी. मला काय सुचणार? ती पाटी डोळ्यांपुढे आली. घरात सापडली तर कार्ड कुणाचं ते निघेल. आमची दोघींची कामं जातील, निधीतलं नावही काढतील. जिन्यावर पडली म्हटलं तर बिल्डिंगवाले खर्च देतील, असं वाटलं. चादरीवर घेऊन ओढत नेली. चपला घातल्या, डबा शेजारी टाकला. परत येऊन पाणी पुसून काढलं.”

पाणी का पुसलं, असं पडताळणीबाईंनी विचारलं.

धाकटीला प्रश्नच समजला नाही. “आजी घसरल्या असत्या ना.”

मग जे सांगायचं पडताळणीबाईंना जड जात होतं ते त्यांनी सांगितलं. ती पाटी इमारतीची आहे, निधीची नाही. निधीला बदली बाई चालते. घरच्या माणसाला बदली माहीत असली की झालं, मग कार्ड कुणाचंही असो. घराची नोंद केलेली नसली तर दंड घराला होतो, बाईचा हक्क जात नाही. ती जिथे पडली तिथेच राहिली असती, तर अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला असता.

व्हरांड्यातून एक ढकलखुर्ची करकरत गेली.

“हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,” धाकटी म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. “काय काय बंद आहे ते सगळे सांगतात, बाई. काय मिळतं ते विचारायला जायचं तर खाडा करावा लागतो.”

मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची पडताळणीबाईंना सकाळपासून धास्ती होती. मी ओढत नेली म्हणून तिचा कणा गेला का?

ते डॉक्टरांनाही सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांना कधी जमला नव्हता.

बाकाच्या मागे, वॉर्डच्या दारात, मुलगी उभी होती. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे. तिने काकीकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

६

आजी राहिल्या होत्या. धाकटीने सही केली तरी घरच्या माणसाने बदली माहीत होती असं म्हटल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नव्हता. दुपार कलली होती. पडताळणीबाई धाकटीला घेऊन इमारतीत पोचल्या तेव्हा फाटकावरचा फोन कुणी उचलेना. वॉचमनने परत परत बटण दाबलं. आत रिंग वाजत राहिली.

धाकटीने वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. आजी एकट्या असतात, मोरीत भांडी साचली असतील, मंगळवारपासून नीट जेवल्यात की नाही कुणास ठाऊक. ती कार्ड न टेकवता आत धावली. यंत्राने नुसता लाल दिवा दाखवला आणि वॉचमनने, कदाचित पहिल्यांदाच, यंत्राकडे पाठ फिरवली.

लिफ्टचं दार उघडलं आणि आजी आतच उभ्या होत्या. अंगावर बाहेर जायची साडी, हातात काठी, खांद्याला पर्स. केस विंचरलेले. महिनोन्महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या.

“तुमच्याच कचेरीत निघाले होते,” त्या पडताळणीबाईंना म्हणाल्या. “रिक्षा मिळते ना इथे अजून?”

तिथेच, वॉचमनच्या खुर्चीत बसून, त्यांनी सगळं सांगितलं. बदली आलेली त्यांनी दार उघडतानाच पाहिली होती आणि त्यांची काहीच हरकत नव्हती. खिडकी पुसणं तिच्या कामात नव्हतं, ते आपणच सांगितलं. स्टुलाचा पाय हलतो हेही माहीत होतं. पडल्यावर आधी डॉक्टरला फोन करायला हवा होता. पण घाबरल्यावर आपल्याला एकच नंबर आठवतो, तो लेकीचा नाही, हिचा. असं म्हणून त्यांनी धाकटीकडे पाहिलं आणि मग सहीसाठी पेन मागितलं. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून सही केली.

सेक्रेटरी गर्दी बघून आले. कार्डाची अदलाबदल त्यांच्या कानावर पडली होती आणि त्यांनी घसा खाकरून पाटीतला नियम उच्चारायला सुरुवात केली. आजींनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं. मग सांगितलं की आजपासून दोन्ही कार्डांवर माझ्या घराचा नंबर लिहा, दोघींची निधीत नोंद मी करते आहे. बंदीच घालायची असेल तर आधी माझ्यावर घाला, कारण माहीत असून गप्प बसले ती मी. आणि ती कुंडी तिथून हलवा, मला ते पत्रक वाचायचंय, वाकता येत नाही. सेक्रेटरींनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमन कुंडी उचलायला लागला होता.

कचेरीतून होकाराचा फोन दवाखान्यात पोचला तेव्हा बाहेर उन्हं उतरली होती. थोरलीला हलवायला गाडी यायची होती. मुलगी खाटेच्या उशाशी बसली होती, हातात ओलं फडकं घेऊन आईचं कपाळ पुसत. धाकटी दारातच थांबली. आत यायचं की नाही हे तिला कळत नव्हतं, आणि तिला आत बोलावण्याचा हक्क पडताळणीबाईंना नव्हता.

असा कितीतरी वेळ गेला. मग मुलीने हातातलं फडकं पुढे केलं, मान न वळवता.

“काकी, तू पूस. मला नीट जमत नाही.”

धाकटी आली. तिने फडकं भांड्यात बुडवलं, पिळलं, आणि जाऊबाईच्या कपाळावर ठेवलं. पीळ नेहमीसारखाच सैल होता आणि पाण्याचा एक ओघळ थोरलीच्या कानामागून मानेवर गेला. थोरलीच्या कपाळाला आठी पडली. सलाईन नसलेला डावा हात चादरीवरून जरासा उचलला गेला आणि परत पडला. डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले तेव्हा तिघीही वाकल्या.

“ठिबकतंय,” थोरली म्हणाली. “पिळलंस की पाणी पाजलंस त्याला?”